एकवीस अंशांवरील ऊन

रायपूर हे शहर विषुववृत्ताच्या उत्तरेस सव्वाएकवीस अंशांवर वसले आहे, आणि भूगोलाच्या पुस्तकात कोरडा वाटणारा हा आकडा येथे निसर्गचित्र शिकू पाहणाऱ्या माणसाने आपल्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा, असे मला अनेक वर्षे वाटत आले आहे. मे महिन्याच्या अखेरच्या आठवड्यात आणि पुन्हा जुलैच्या मध्यास सूर्य या शहराच्या थेट माथ्यावर येतो. ज्याला आपण शून्य सावलीचा दिवस म्हणतो त्या मध्यान्ही उभ्या खांबाची सावली त्याच्या पायथ्यातच लुप्त होते, आणि ज्या छायेच्या आधाराने चित्रकार वस्तूला घनता देतो ती छायाच काही क्षण जगातून काढून घेतली जाते. २१ जूनच्या मध्यान्ही येथे सूर्य क्षितिजापासून जवळजवळ ८८ अंश उंच असतो. त्याच दिवशी पॅरिसमध्ये तो ६५ अंशांपलीकडे चढत नाही. डिसेंबरच्या अखेरीस रायपुरात तो ४५ अंशांवर, तर पॅरिसात १८ अंशांच्याही खाली रेंगाळतो. दृक्‌प्रत्ययवाद नावाची जी चित्रपद्धती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्समध्ये उदयास आली, ती त्या तिरप्या, दीर्घकाळ रेंगाळणाऱ्या, ओलसर हवेतून गाळून येणाऱ्या प्रकाशाचे अपत्य होती. आणि तिचे ग्रंथ, तिच्या प्रतिकृती व तिचे नियम जेव्हा छत्तीसगडच्या मैदानात येतात, तेव्हा त्यांतील काय ठेवावे आणि काय निःसंकोच टाकून द्यावे, हा या लेखाचा विषय आहे.

माझे प्रतिपादन असे की, ही पद्धती परदेशी म्हणून त्याज्य नाही आणि प्रतिष्ठित म्हणून जशीच्या तशी ग्राह्यही नाही. तिचा गाभा म्हणजे पाहण्याची शिस्त, आणि ही शिस्त रायपुरात शिकवायला तळ्यांइतका समर्थ गुरू दुसरा नाही.

रायपूरचे आणि मराठी माणसाचे नाते जुने आहे. १७५८ मध्ये बिंबाजी भोसले रतनपूरच्या गादीवर आले आणि छत्तीसगडच्या मुलुखात नागपूरकरांचा अंमल प्रत्यक्ष बसला. पुढे सुभे नेमले गेले, परगण्यांवर कमाविसदार बसले, जमाबंदीचे कागद मोडीत लिहिले जाऊ लागले. १८१८ नंतर ॲग्न्यू या इंग्रज साहेबाने कारभाराचे ठाणे रतनपुराहून रायपुरास आणले, आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा होऊन हा सारा इलाखा कंपनीच्या पदरात पडला. राज्य गेले, माणसे राहिली. तात्यापाऱ्यातील जुनी घरे, दूधाधारी मठाला भोसल्यांनी दिलेला आश्रय, चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळ, आणि ज्यांनी १९०० मध्ये ‘छत्तीसगड मित्र’ काढले व पुढे दासबोध हिंदीत नेला त्या माधवराव सप्र्यांची या शहरातील कर्मभूमी, ही सारी त्या राहिलेल्या माणसांची खूण आहे. १९५६ पर्यंत रायपूरची राजधानी नागपूरच होती, आणि म्हणून येथील मराठी मुलाला चित्रकलेची ओढ लागली तर त्याची नजर साहजिकच पश्चिमेकडे, नागपूर आणि मुंबईकडे वळत असे.

जमाबंदीचा उल्लेख मी हेतुपुरस्सर केला. जमिनीचा दर्जा ठरवून सारा आकारण्यासाठी छत्तीसगडात मातीचे जे भेद मानले जातात, ते कोणाही चित्रकाराने पाठ करावेत असे आहेत: कन्हार म्हणजे काळी, चिकण, पाणी धरून ठेवणारी, मटासी म्हणजे पिवळसर, हलकी, भाताला अनुकूल, डोरसा म्हणजे या दोहोंच्या मिश्रणाची, आणि भाटा म्हणजे तांबडी, मुरमाड, बहुधा पडीक. शेतकऱ्याने आणि बंदोबस्ताच्या अंमलदाराने उपजाच्या दृष्टीने केलेली ही वर्गवारी रंगांच्या दृष्टीनेही तंतोतंत उतरते. कारण चित्रकाराच्या पेटीतील येलो ऑकर, बर्न्ट सिएना आणि अंबर हे रंग म्हणजे लोहाच्या संयुगांनी रंगलेल्या मात्याच आहेत. मटासीचा बांध रंगवताना ऑकर जवळजवळ जसाच्या तसा चालतो, भाट्याच्या माळासाठी बर्न्ट सिएनाला किंचित पांढऱ्याची जोड पुरते, आणि कन्हार जमीन नांगरून पडली असता अल्ट्रामरीन व अंबर यांच्या मिश्रणातून जो खोल, निळसर काळा तयार होतो तो दुकानातल्या काळ्या रंगाहून कितीतरी खरा दिसतो. नवशिक्याच्या हाती रंगांच्या पंचवीस ट्यूब असल्या की तो गोंधळतो. या चार मात्या त्याने पायाखाली ओळखल्या की त्याचा निम्मा गोंधळ संपतो.

मूळ पद्धतीचा इतिहास सर्वश्रुत असल्याने त्याचा विस्तार करीत नाही. १८४१ मध्ये जॉन रँड या अमेरिकी चित्रकाराने कथिलाच्या दाबता येणाऱ्या नळीचे पेटंट घेतले आणि तैलरंग चित्रशाळेच्या चार भिंतींबाहेर पडले. शेव्हरल या रसायनशास्त्रज्ञाने १८३९ मध्ये शेजारी ठेवलेले पूरक रंग परस्परांना कसे उजळतात हे साधार मांडले. आणि १५ एप्रिल १८७४ रोजी पॅरिसमध्ये नादार या छायाचित्रकाराच्या जागेत भरलेल्या प्रदर्शनात क्लोद मोने यांचे ल आव्र बंदरातील सूर्योदयाचे चित्र टांगले गेले, ज्याच्या शीर्षकावरून एका टीकाकाराने या मंडळींना हिणवण्यासाठी दिलेले नाव पुढे त्यांनी भूषण म्हणून धारण केले. आपल्या प्रयोजनापुरती महत्त्वाची गोष्ट एवढीच की, या चित्रकारांनी वस्तू रंगवण्याचे सोडून वस्तूवरून येणारा प्रकाश रंगवण्यास आरंभ केला. लिला कॅबट पेरी या अमेरिकी चित्रकर्त्रीने मोने यांच्या सहवासाच्या आठवणी लिहून ठेवल्या आहेत. त्यांत समोर झाड आहे, घर आहे हे विसरून येथे निळ्याचा एक चौकोन आहे, तेथे गुलाबीचा एक आयत आहे एवढेच पाहावे, असा त्यांचा उपदेश नोंदलेला आहे, आणि पॉपलर वृक्षांच्या मालिकेतील एका चित्रावर काम करण्यास त्यांना एका वेळी जेमतेम सात मिनिटे मिळत असत, अशीही हकीकत आहे.

पॅरिसजवळ सात मिनिटे, तर रायपुरात किती? संपाताच्या दिवशी मावळता सूर्य क्षितिजाच्या सहा अंश वर असल्यापासून अस्तास जाईपर्यंत पॅरिसमध्ये सुमारे छत्तीस मिनिटे लागतात. येथे त्याला सव्वीस मिनिटांच्या आसपासच लागतात, कारण आपल्याकडे तो तिरपा घसरत न जाता जवळजवळ सरळ खाली उतरतो. फ्रेंच पुस्तकांत वर्णिलेली सोनेरी वेळ म्हणूनच येथे जवळपास तीन-दशांशाने आखूड आहे. यातून शिकणाऱ्यावर पहिला संस्कार घडतो तो आकाराचा: दहा इंच बाय बारा इंचांहून मोठा कॅनव्हास या वेळेत रंगवण्याची हाव धरू नये. उत्तम चित्रकाराने मोठे काम करायचे ठरवले तर त्याने मोने यांच्याप्रमाणे त्याच वेळेला त्याच जागी पुन्हा पुन्हा यावे. आणि येथे त्याला एक अनुकूलता आहे, जी नॉर्मंडीत नव्हती. दिवाळीपासून होळीपर्यंत रायपूरचे आकाश बहुतेक दिवस निरभ्र राहते, त्यामुळे कालच्या साडेपाचाचा प्रकाश आज साडेपाचाला बव्हंशी तसाच परत मिळतो.

या पद्धतीची मराठी परंपरा येथे सांगितली पाहिजे, कारण ती पुरेशा अभिमानाने सांगितली जात नाही. कोल्हापूरच्या कोटितीर्थाच्या परिसरात एकांतात राहून आबालाल रहिमान यांनी (निधन १९३१) पाण्याची, घाटांची आणि संध्यासमयाची जी चित्रे रंगवली, त्यांत प्रकाशाने वस्तूंच्या कडा विरघळवण्याची किमया आहे, आणि ती पॅरिसला न जाता केवळ रोज तेच तळे पाहून साधलेली आहे. मात्र या दृष्टीचे पद्धतशीर अध्यापन कोठे झाले असेल तर ते होळकरांच्या इंदुरात. दत्तात्रय दामोदर देवळालीकर यांनी १९२७ मध्ये तेथे चित्रशाळा उघडली, आणि विद्यार्थ्याला खोलीतून उघड्यावर नेऊन, सावलीत काळा न भरता तीत रंग शोधावयास लावण्याचा शिरस्ता पाडला. या शाळेतून नारायण श्रीधर बेंद्रे, विष्णू चिंचाळकर, देवकृष्ण जोशी असे चित्रकार बाहेर पडले, आणि मकबूल फिदा हुसेनही काही काळ येथेच शिकले. तरुण हुसेनला घेऊन बेंद्रे इंदुराबाहेर निसर्गचित्रे रंगवावयास जात, आणि मुलाला चित्रकलेकडे जाऊ द्यावे म्हणून त्याच्या वडिलांची समजूतही बेंद्र्यांनीच घातली, अशी हकीकत सांगतात.

बेंद्रे यांचे चरित्र मला या संदर्भात विशेष बोधप्रद वाटते. १९१० मध्ये इंदुरात जन्मलेल्या या मराठी चित्रकाराने काश्मिरात काही वर्षे काम केले, १९५० पासून बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकला शिकवली, १९६६ मध्ये ते तेथून बाहेर पडले, आणि १९९२ मध्ये, पद्मभूषण झाले त्याच वर्षी, त्यांचे निधन झाले. मधल्या काळात त्यांनी घनवादाचेही प्रयोग केले. तरी उत्तरायुष्यात ते पुन्हा रंगांच्या सुट्या ठिपक्यांकडे, म्हणजे प्रकाशाचे विघटन करून पाहण्याच्या त्या आरंभीच्या संस्काराकडे वळले. एखादी दृष्टी तारुण्यात उघड्या रानात डोळ्यांना लागली की ती अनेक शैलींच्या प्रवासातही नष्ट होत नाही, याचे यापेक्षा चांगले उदाहरण मराठी चित्रकारांत मला दिसत नाही.

छत्तीसगडच्या अधिक जवळचा दुवा नागपूरचा. मंडला जिल्ह्यातील बाबरिया येथे १९२२ मध्ये जन्मलेले सैयद हैदर रझा १९३९ ते १९४३ या काळात नागपूरच्या चित्रशाळेत बापूराव आठवले यांच्या हाताखाली शिकले, मग मुंबईस गेले. तेथे त्यांना वॉल्टर लँगहॅमर यांचे उत्तेजन लाभले. नाझींच्या छळामुळे ऑस्ट्रिया सोडून आलेला हा चित्रकार ‘टाइम्स ऑफ इंडिया’त कलाविभाग सांभाळीत असे, आणि रंगांच्या जाड, ओल्या फटकाऱ्यांची युरोपीय रीत त्याने मुंबईच्या तरुणांपुढे प्रत्यक्ष करून दाखवली. रझा १९५० मध्ये फ्रान्सला गेले आणि पुढे बिंदूपर्यंत पोहोचले, हा भाग सर्वांस ठाऊक आहे. पण मध्य प्रांतातील एका वनकर्मचाऱ्याच्या मुलाची पहिली चित्रे निसर्गाची होती, हे येथील विद्यार्थ्याने ध्यानात ठेवावे. १९५६ मध्ये खैरागढच्या राजघराण्याने आपला राजवाडा देऊन इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय स्थापिले, ज्याचे कुलगुरुपद आरंभीच्या काळात संगीतज्ञ श्रीकृष्ण रातंजनकर यांनी भूषविले, आणि तेव्हापासून रायपूरच्या मुलाला चित्रकला शिकण्यासाठी प्रांताबाहेर जाण्याची अनिवार्यता उरली नाही. या शहरात उघड्यावर रंगवणारी जी थोडी मंडळी आज आढळतात, त्यांत खैरागढचे ऋण मानणारे बहुसंख्य आहेत.

खारून नदीवर महादेव घाट आहे. कलचुरी राजा ब्रह्मदेव याच्या काळाशी ज्याचा संबंध सांगतात ते हाटकेश्वराचे मंदिर, खाली उतरत गेलेल्या पायऱ्या, पलीकडच्या काठावरची झाडी, आणि हिवाळ्यात पाण्यावर पसरणारे पातळ धुके यांमुळे येथे रविवारी सकाळी दोन-चार तिवया उभ्या दिसतात. शहरातील एक वयोवृद्ध मराठी चित्रकार, ज्यांना सारे नुसते ‘सर’ म्हणतात, तेथे शिकवतात, आणि त्यांच्या शेजारी उभे राहून मी जे पाहिले व ऐकले ते येथे मांडतो. आलेल्यांत रेल्वेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते, महाविद्यालयात शिकणारी दोन मुले होती, आणि तात्यापाऱ्यातील एक गृहिणी होत्या, ज्यांचा हात सर्वांत निश्चयी होता.

प्रथम फळीवर टर्पेंटाईनमध्ये पातळ केलेल्या बर्न्ट सिएनाचा एक हात फिरवतात, जेणेकरून पांढऱ्या पृष्ठभागाचा दिपवणारा उजेड शमावा आणि पुढे फटकाऱ्यांच्या फटींतून एक उबदार तळ सर्वत्र डोकावत राहावा. फ्रान्समधील मंडळी बहुधा फिकट तळ पसंत करीत. येथे तांबूस तळ अधिक सयुक्तिक ठरतो, कारण छत्तीसगडच्या भूमीचाच तळ तांबूस आहे. त्यानंतर रेखन अत्यल्प: क्षितिज, काठ, झाडाच्या विस्ताराची हद्द, एवढेच. मग बराच वेळ कोणी कुंचला उचलीत नाही. सर डोळे किलकिले करून पाहावयास सांगतात, म्हणजे तपशील बुजतात आणि केवळ काळोखाचे व उजेडाचे मोठे प्रदेश शिल्लक राहतात.

“ताई, पिंपळ विसरा,” ते म्हणाले. “सर्वांत काळे कुठे आहे तेवढे सांगा.”

“बुंध्यापाशी, पानांच्या आत.”

“आणि त्याच्या पाण्यातल्या प्रतिबिंबात? तितकेच काळे आहे?”

ताईंनी बराच वेळ पाहिले. “नाही सर. पाण्यातले थोडे उजळ आहे.”

“आणि देवळाचा चुना?”

“तो पाण्यात मळलेला दिसतो.”

या चार वाक्यांत तळ्याकाठी मिळणाऱ्या शिक्षणाचा पाया आहे. शांत पाणी आपल्यावर पडलेला सारा प्रकाश परत करीत नाही, आणि त्यात स्वतःच्या गढूळपणाचा रंगही मिसळते. म्हणून काठावरचे गडद प्रतिबिंबात किंचित उजळते आणि काठावरचे उजळ किंचित गडद होते. डोळ्यांसमोर एकाच वस्तूचे दोन पाठ मांडलेले असतात, आणि त्यांतील सूक्ष्म अंतर ओळखणे म्हणजेच छायाप्रकाशाचे मूल्य ओळखणे. माळरानावर हा भेद शिकवायला शिक्षकाला शब्दांचा आधार घ्यावा लागतो. तळ्याकाठी पाणीच तो दाखवते. शिवाय प्रतिबिंब ही उलटी केलेली प्रत नसते. पाण्याचा पृष्ठभाग जणू खालून वर पाहतो, म्हणून घाटाच्या कमानीची आतली बाजू, छपराच्या वळचणीचा तळ, फांदीचे पोट, जे आपल्याला उभे राहून दिसत नाही ते पाण्यात दिसते. आणि जो विद्यार्थी वरचे चित्र खाली उलटे उतरवतो त्याचे पाणी ताबडतोब काचेसारखे निर्जीव होते. दूरचे पाणी आपल्या दृष्टीशी अगदी तिरपे असल्याने आकाश भरभरून परतवते; पायाशी असलेले पाणी आपण वरून पाहतो, म्हणून तेथे आकाश ओसरते आणि तळाचा हिरवट, शेवाळी रंग वर येतो. लाटा कितीही आडव्या असोत, प्रतिबिंब पाहणाऱ्याच्या दिशेने उभे लांबते. आणखी एक गोष्ट, जी येथील तळ्यांत फार स्पष्ट दिसते: स्वच्छ पाण्यावर सावली जवळजवळ पडतच नाही, गढूळ पाण्यावर मात्र पडते, त्यामुळे बूढा तालाबाच्या काठी एकाच झाडाचे प्रतिबिंब एका दिशेला आणि सावली दुसऱ्या दिशेला, असे दोन वेगळे गडद प्रदेश एकमेकांना छेदताना सापडतात, आणि ते दोन वेगळ्या रंगांनी सोडवावे लागतात.

सावलीच्या रंगाविषयी पुस्तके एक सूत्र देतात: ऊन पिवळे, सावली जांभळी-निळी. हे सूत्र रायपुरात अर्धेच खरे आहे. जमिनीवर पडलेली सावली आकाशाकडे तोंड करून असते, म्हणून ती निळसर होते, इथवर ठीक. परंतु जेथे सूर्य इतका उंच चढतो आणि जमीन इतकी तांबडी असते, तेथे जमिनीवरून उसळलेला प्रकाश उभ्या भिंतींच्या सावलीतल्या अंगावर, छज्ज्यांच्या तळावर, झाडाच्या खालच्या फांद्यांवर नारिंगी तापटपणाने परावर्तित होतो. वर तोंड केलेली सावली शीत आणि खाली तोंड केलेली सावली उष्ण, असा हा भेद आहे. सिरपूरच्या लक्ष्मण मंदिरापाशी, सातव्या शतकातील त्या तांबड्या विटांच्या भिंतीसमोर सकाळी दहाच्या सुमारास उभे राहिले की तो कोणालाही मान्य करावा लागतो: तेथे कोनाड्यांच्या आतला अंधार निळा नसतो, तो निखाऱ्याच्या जातीचा असतो. येथे फ्रेंच सूत्राचे आज्ञापालन करणारा चित्रकार सुंदर पण खोटे चित्र काढतो, आणि मला त्या सौंदर्याची भीती वाटते.

हिरव्याची गोष्ट याहून कठीण आहे. श्रावणात रायपुराभोवती चहूकडे भात असतो, आणि त्या कोवळ्या भाताचा हिरवा ट्यूबमधून आयता घेतला की चित्रात प्लास्टिकची चमक येते. सर विद्यार्थ्याच्या पेटीतून आयते हिरवे काढूनच ठेवतात. लिंबाळ पिवळा आणि कोबाल्ट यांतून हिरवा करावा, त्यात क्रिमसनचा एक कण घालून त्याचा उर्मटपणा मोडावा, आणि मिसळताना रंग पुरता एकजीव होऊ देऊ नये, म्हणजे फटकाऱ्यातच पिवळ्याची आणि निळ्याची स्वतंत्र शीर राहते. मग एकदा ठेवलेल्या फटकाऱ्याला पुन्हा हात लावू नये. डुकराच्या केसांचा चपटा कुंचला रंगाने भरून, मनाशी निर्णय करून, एकदाच टेकवायचा. ओल्यावर ओला रंग चढत असल्याने दुसऱ्या घासण्यात दोन्ही रंगांची माती होते. निवृत्त गृहस्थांना हे जड जात होते, कारण आयुष्यभर त्यांनी लिहिलेले तपासून सुधारण्याची सवय बाणवली होती. सरांनी त्यांना चित्रापासून चार पावले मागे नेऊन उभे केले, आणि जवळून विस्कळीत दिसणारे ठिपके दुरून काठावर टेकलेली नाव झाले.

तैलरंगाच्या तेलाविषयी लिहिल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही, आणि येथे छत्तीसगडचे शेत पुन्हा मदतीला येते. तैलरंगाचे तेल म्हणजे जवसाचे तेल. धान कापण्यापूर्वी, जमिनीत ओल असतानाच, उभ्या पिकात जवस किंवा तिवरा फेकून पेरण्याची येथे जुनी वहिवाट आहे, तिला उतेरा म्हणतात; धान निघून गेल्यावर त्या ओलीवर जवस वाढतो, आणि हिवाळ्यात त्याच्या लहान निळ्या फुलांनी रान हलके होते. वऱ्हाड-नागपूरकडून आलेल्या घरांत जवसाची चटणी ज्या दाण्यांची होते, त्याच दाण्यांचे शुद्ध केलेले तेल रंगाला धरून ठेवते. ते उडून वाळत नाही. हवेतील प्राणवायू शोषून कडक होते, आणि म्हणून जाड पांढऱ्या फटकाऱ्याला वरून कोरडे दिसूनही आतून वाळण्यास महिने लागतात. खालचे थर टर्पेंटाईनने कृश, वरचे थर तेलाने स्निग्ध, हा नियम मोडला तर वरचा थर आधी आवळतो आणि चित्र तडकते. मे महिन्यात पारा ४४ अंशांवर गेला की टर्पेंटाईन पॅलेटवरच उडून जाते आणि रंग कुंचल्याला चिकटून ओढू लागतो. पावसाळ्यात कॅनव्हासच्या पाठीवर बुरशी धरते. या दोहोंची तजवीज आधी करावी लागते: उन्हाळ्यात सकाळी सहा ते साडेसात एवढाच उद्योग, पावसाळ्यात चित्र भिंतीला न टेकवता मध्ये हवेसाठी जागा. वॉर्निश सहा महिने ते वर्षभरानंतरच. उन्हाळ्या-पावसाळ्याच्या या सूचना परदेशी पुस्तकांत सापडत नाहीत. त्या येथील अनुभवानेच जमा झाल्या आहेत आणि तोंडातोंडीच चालत आल्या आहेत.

एका मोहाविषयी मला स्पष्ट बोलायचे आहे. शहराच्या उत्तरेस सिलतरा आणि उरला येथे लोखंडाचे कारखाने आहेत, आणि हिवाळ्याच्या सकाळी त्यांचा धूर मैदानावर खाली बसतो तेव्हा सूर्य त्यातून केशरी बिंबासारखा उगवतो, अंतरे कोमल होतात, झाडांच्या कडा विरतात; दृक्‌प्रत्ययवादी चित्रास हवे ते सारे त्यात आयते असते. मोने यांनीही लंडनच्या धुरकटलेल्या थेम्सची मालिका रंगवली, आणि १९०४ मध्ये तिच्यातील ३७ चित्रे पॅरिसमध्ये प्रदर्शित झाली. चित्रकाराने तो धूर जरूर रंगवावा. पण तो धूर आहे हे जाणून रंगवावा. खारूनवरचे धुके सूर्य वर येताच निळ्या-रुपेरी पडद्यांत विरते. सिलतऱ्याची धुरकट हवा पिवळट-करडी राहते आणि लवकर हटत नाही. डोळा शिकलेला असेल तर हा भेद रंगांतच उतरतो, त्यासाठी वेगळे भाष्य करावे लागत नाही.

तळ्यांविषयी मनात कळकळ आहे, ती लपवण्याचे कारण नाही. छत्तीसगडात एखाद्या गावचे वैभव सांगताना ‘छै आगर छै कोरी’, म्हणजे १२६ तळी असल्याचे सांगण्याची रीत आहे. रायपुरातही एके काळी तळ्यांची गणती मोठी होती. रजबंधा तालाब बुजून त्याचे मैदान झाले. तेलीबांध्याच्या काठाला आज मरीन ड्राइव्ह म्हणतात. बालपणीचा काही काळ ज्यांनी या शहरात काढला त्या विवेकानंदांचे नाव बूढा तालाबास दिले आहे, आणि तेथे आता दिवे व कारंजी आहेत. शोभेच्या कारंज्याने पाणी सतत ढवळलेले राहिले की प्रतिबिंब नाहीसे होते, आणि सायंकाळच्या त्या सव्वीस मिनिटांत कृत्रिम दिवे लागले की उरलेला प्रकाशही. मराठी आणि छत्तीसगढी, हौशी आणि शिकलेल्या, अशा अनेक हातांनी या तळ्यांची तैलचित्रे केली आहेत. ती घराघरांत, बहुधा पलंगाखाली, वर्तमानपत्रात गुंडाळून पडली आहेत. १८७५ मध्ये स्थापन झालेल्या आपल्या महंत घासीदास संग्रहालयात सिरपूरच्या कांस्यमूर्ती आहेत, शिलालेख आहेत. पण रायपूरच्या विद्यार्थ्याला मूळ निसर्गचित्रांचे समृद्ध दालन पाहायचे तर त्याला भोपाळचे भारत भवन किंवा मुंबई गाठावी लागते, आणि प्रतिकृतीत फटकाऱ्याची जाडी दिसत नाही, तीच तर शिकायची असते. म्हणून माझी मागणी अशी की, या शहरात कोणत्याही सार्वजनिक इमारतीत, संग्रहालयात शक्य नसेल तर महाराष्ट्र मंडळाच्या सभागृहात का होईना, उत्तरेच्या उजेडाची एक भिंत या चित्रांसाठी राखून ठेवावी, आणि प्रत्येक चित्राखाली चित्रकाराच्या नावाबरोबर तळ्याचे नाव, महिना आणि घड्याळातील वेळ लिहावी.